राहूचं क्रेट

दुधीचा वेल उठला आणि गच्चीवरच्या चाळीस माणसांनी एकदम हात जोडले.

दुपारी तीनला तो मेल्यासारखा लोंबत होता. पानं ओल्या फडक्यासारखी. सगळ्यांनी बघितलं होतं, मोबाइलवर फोटोही काढले होते. साडेचारला हरितनाथ महाराज आले. हिरवी लुंगी, हिरवा शेला, हातात तांब्याचा लोटा. त्यांनी चार थेंब शिंपडले, डोळे मिटले, तास-दीड तास ओठ हलवले. सहाला पानं ताठ!

"झाडात प्राण, प्राणात ग्रह, ग्रहात तुमचं घर!" महाराज गरजले. "मेलेला सूर्य मी उठवला! बोला, कुणाला शंका?"

"नाही हो महाराज, शंका कसली!" तळमजल्यावरचे एकनाथराव म्हणाले. एकनाथरावांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्या पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

मी पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. कारण ते नऊ चौकोन मीच मांडले होते.

कुकटपल्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर सावित्रीबाई राहतात, मुलगा विकास आणि सून कविता. कविताला दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. दुसऱ्या खेपेनंतर पोरगी बोलेनाशी झाली. तिचं मन कशात तरी गुंतावं म्हणून मी तिला गच्चीवर नेलं. फुटाफुटाचे चौकोन पाडून भाजी लावायची ती पद्धत मी मोबाइलवर बघून शिकले होते. पद्धत चांगली, पण परक्या थंड देशातली. ते लाकडाची एकच पेटी करतात. आमच्या स्लॅबवर ठेवली तर खालच्याचं छत गळायचं. म्हणून भाजीबाजारातली नऊ प्लॅस्टिकची क्रेट आणली, तीन-तीनच्या तीन ओळी. ते सहा इंच माती म्हणतात. इथल्या उन्हात सहा इंच दुपारपर्यंत वाळते, म्हणून दहा इंच. तरी एक चूक केलीच. मधल्या क्रेटात दुधी लावला. एवढ्या वेलाला फूटभर चौकोनातली माती कुठली पुरते? नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातलं क्रेटही मला हलवायचं होतं. तिथे तीननंतरचं ऊन भिंतीवरून परत मारतं, मेथी करपते.

मी हलवायच्या आत सावित्रीबाईंनी महाराजांना आणलं.

"नऊ!" महाराज ओरडले. "बाई, हे नवग्रहमंडल आहे! मध्ये सूर्य. नैर्ऋत्येला राहू. राहूची मेथी जळली? या घरात वंश अडलाय!"

सावित्रीबाई रडायलाच लागल्या. महाराजांना कसं कळलं? अहो, दुधाच्या लाइनीत उभ्या राहून त्या स्वतःच सगळ्या कॉलनीला सांगतात.

राहूचं क्रेट कविताच्या नावावर चढलं. उपाय सांगितला: दर मंगळवारी, शनिवारी सुनेची दृष्ट काढायची आणि ओवाळलेलं सगळं त्या क्रेटात पुरायचं. पाणी कमी घालायचं, राहूला ओल चालत नाही. तीन महिन्यांत काही उगवलं नाही तर सुनेनं सव्वा वर्ष माहेरी राहायचं, सावलीसुद्धा या घरावर पडता कामा नये.

वेल उठला त्या दिवशी ते तीन महिने पुरे झाले. मेथी उगवली नाही, राजगिरा नाही, साधं गवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिकंदराबादहून नांदेडची गाडी होती. विकासनं बायकोचं तिकीट काढून ठेवलं होतं.

"राहू बोलला," महाराज क्रेटावर बोट रोखून म्हणाले. "माती वांझ, तशीच..."

कविता जिन्याच्या दाराशी उभी होती. ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं. माझं डोकं सटकलं.

"महाराज, तुम्ही कायम साडेचारलाच कायको येता? भर बाराला उठवा की वेल एकदा."

"बाराला राहुकाळ असतो, बाई."

"तो बुधवारी. आज शनिवार. सकाळी नऊ ते साडेदहा होता. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छापलंय."

कुणीतरी खुदकन हसलं. सावित्रीबाई फणकारल्या, "त्रिवेणी, सातवी शिकलेली तू, महाराजांशी वाद घालतेस?"

"हौ, सातवीच. म्हणून मान वळवून बघता येतं मला. तुम्ही पण बघा."

टाकीमागे निळ्या ड्रममध्ये माझा दुधी आहे. दुपारी तोही मान टाकून होता. आता ताठ उभा. त्याच्यापुढे कुणी ओठ हलवले नव्हते.

"ऊन तापलं की पानं पाणी उडवतात, मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत, पानं लोंबतात. पाचला समोरच्या बिल्डिंगची सावली येते, पानं उठतात. माझ्या ड्रममध्ये माती जास्त, म्हणून तो कमी लोंबतो. बस्स. एकनाथराव, हे तुमच्या पुस्तकात नव्हतं का?"

एकनाथराव चष्मा पुसायला लागले.

"वेलाचं ठीक आहे," महाराज हसले. "या मातीचं काय?"

मी त्याचीच वाट बघत होते. राहूच्या क्रेटाजवळ बसले. वर पांढुरकी साय धरली होती. ती खरवडून चिमूटभर माती घेतली.

"विकास, इकडे ये. जिभेवर ठेव."

"अक्का, काहीतरीच काय!"

"बायकोला उद्या गाडीत बसवतोस, चिमूटभर माती चाखायला जड जातं?"

सगळे बघत होते. त्यानं जिभेला लावली आणि थुंकला. "खारट! लोणच्याच्या बरणीसारखी!"

"सावित्रीबाई, दृष्ट कशानं काढता?"

"मीठ, मोहरी, मिरच्या. सगळेच काढतात."

"आपण मूठभर ओवाळतो आणि चुलीत नाहीतर नळाखाली टाकतो. तुम्ही किती घेत होता?"

"महाराज म्हणाले तीन मुठी. जाडं मीठ." बोलता बोलताच त्यांचं लक्ष क्रेटाकडे गेलं. "दर खेपेला... त्यातच पुरलं..."

"आणि वरून पाणी कमी, म्हणजे मीठ वाहूनही जाऊ नये. बी रुजेल कसं? उगवलं नाही की दोष सुनेचा, दोष काढायला परत मीठ. असा उपाय ज्याला सुचतो त्याला मिठाचं सगळं माहीत असतं."

"मीठ निमित्त आहे!" महाराजांनी आवाज चढवला. "राहूच मिठात..."

"राहू नाही, किराणा दुकान," मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी हसणारे बरेच होते. महाराज शेला सावरत जिना उतरले. सुधारले असतील असं समजू नका. पुढच्या गल्लीत दोन गच्च्यांवर त्यांची मंडलं आहेत.

सावित्रीबाईंनी कविताचा हात धरला. "चुकले गं मी. ही माती फेकून देऊ, नवी भरू."

कवितानं हात सोडवून घेतला.

"मातीचं होईल, आत्याबाई. तीन महिने मी देवघराला शिवत नव्हते. शेजारच्या बाळाला उचलत नव्हते. मलाच वाटायला लागलं होतं की माझ्यात काहीतरी मेलंय. ते कसं फेकू?"

तीन महिने मला संशय होता, आणि 'दुसऱ्याच्या घरात कायको पडा' म्हणून मी गप्प होते.

"तिकीट राहू दे," ती विकासला म्हणाली. "मी जाते. महाराजांनी सांगितलं म्हणून नाही, मला झोप हवी म्हणून. तू दवाखान्यात वेळ घे. दोघांची. तू पण तपासून घ्यायचंस. मग फोन कर."

ती गेली. महिना झाला. विकासनं वेळ घेतल्याचं परवा जिन्यात सांगितलं, माझ्याकडे न बघता. ते क्रेट मी रिकामं केलं, धुतलं, टाकीच्या सावलीत ठेवलं, नवी माती आणि शेणखत भरलं. मेथी चार दिवसांत वर आली. फोटो कविताला पाठवला. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही.

तुम्हाला हात जोडून नाही, ओरडून सांगते. परक्याची पद्धत आपल्या गच्चीवर आणताना आपण विचारतो ना, इथे ऊन किती, माती किती, पाणी कुठलं? मग परक्या माणसानं आपल्या घरातल्या बाईवर ठपका ठेवला की तेच प्रश्न कुठे जातात? बाराला येऊन बघा. शेजारच्या ड्रमात बघा. माती चाखा. आणि शेजारच्या घरात कुणी जळताना दिसलं तर माझ्यासारखं तीन महिने थांबू नका.