शर्टाखालचं पिस्तूल

हमीदनं तिसरं पिस्तूल पँटीच्या पट्ट्यात खोचलं, वरून शर्ट सोडला आणि आरशासमोर उभा राहिला. आरसा कसला, घड्याळांच्या कपाटाची काच होती ती. यूनुसच्या दुकानात दर्शनी भागात भिंतीवरची घड्याळं, त्यामागे शिकारीच्या बंदुका, आणि पडद्याआड, परवान्याचा कागद बघितल्यावरच बाहेर निघणारी ही लहान हत्यारं. भर दुपारची वेळ होती. डोक्यावर पंखा होता, पण गरम हवा इकडची तिकडे करण्यापलीकडे तो काही करत नव्हता.

“दिसता काय?” हमीदनं विचारलं.

स्टुलावर बसलेल्या महबूबनं मोठ्या कष्टानं एक डोळा उघडला.

“पोटात दुखतंय नि धरून उभा हायस, असा दिसतोस.”

यूनुस हसला. त्याचं बालपण मुंबईत गेलेलं, त्यामुळे हिंदुस्तानी त्याला चांगली यायची. त्याच्या हसण्यावर हमीद थोडा चिडला आणि त्यानं शर्ट आणखी खाली ओढला.

इथे आखातात हाजी मुस्तफांच्या सोन्याच्या पेढीवर महबूब वीस वर्षं होता. बड्या घरांतल्या बायका बाजारात येऊन बांगड्या निवडत नसत. बांगड्याच त्यांच्याकडे जात, आणि त्या नेणारा माणूस म्हणजे महबूब. तो त्या जेवणाच्या डब्यातून नेई. खालच्या खणात सोनं, वरच्या खणात भात आणि माशाचं कालवण. अंगात कळकट शर्ट, डोक्यावर रंग उडालेली टोपी. बसमध्ये त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे, आणि याचा त्याला आतून मोठा अभिमान होता. पण मध्यंतरी मंगफच्या रस्त्यावर दुसऱ्या एका पेढीच्या माणसाला अडवून कुणीतरी त्याचं डोकं फोडलं. तो अजून इस्पितळात होता आणि त्याला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. तेव्हापासून हाजींनी धोशा लावला होता की माल जो कुणी नेईल त्याच्या अंगावर पिस्तूल हवं, आणि ते कुणाच्या नजरेला पडता कामा नये.

जो कुणी म्हणजे यापुढे हमीद. महबूबचा धाकटा भाऊ अहमद समुद्रात बुडून गेला, तेव्हा हा त्याचा पोर फार लहान होता. महबूबनं त्याला वाढवलं, इथे आणलं, पेढीवर चिकटवलं. आता हमीद तिशीचा बाप्या झाला होता. गावी त्याची बायको अमिरुन्निसा होती, आणि त्यानं अजून न बघितलेला एक मुलगा होता. महबूब मात्र सुटला होता. असमाचा, त्याच्या एकुलत्या लेकीचा, निकाह ठरला होता आणि पुढच्या आठवड्याच्या बोटीचं तिकीट खिशात होतं. असमा जन्मली तेव्हा तो इथे होता. तिला शाळेत घातलं तेव्हा इथेच होता, आणि ती तापानं फणफणून वाचली हे त्याला ती बरी झाल्यावर कळलं. बाप म्हणून निकाहाला तरी समोर बसायचं, एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतःसाठी धरून ठेवली होती. बाकी सगळ्याचा त्याला कंटाळा आला होता. वाळूचा, बसचा, त्या डब्याचासुद्धा.

पहिलं पिस्तूल गोल पोटाचं निघालं. शर्टाखाली ते आवळ्याएवढं वर यायचं. दुसरं लांब होतं, बसलं की मांडीत रुतायचं. हे तिसरं चपटं, तळहातात मावेल एवढं.

“यही लेना,” यूनुस म्हणाला. “बीवी गले लगे तो भी पता न चले.”

“बीवी हाय कुठं इथं?” हमीद म्हणाला.

महबूब उठला. त्यानं हमीदला खाली बसवलं, उठवलं, वाकून चप्पल उचलायला लावली, स्टुलावर चढायला लावलं. बसची पायरी तेवढीच उंच असते. पिस्तूल जागचं हललं नाही.

“आता नमाज पढून दाखव.”

“इथं?”

“माल घेऊन फिरताना नमाज चुकवणार हायस काय?”

हमीद नमाजेच्या दिशेला, किब्ल्याकडे, तोंड करून उभा राहिला. ‘अल्लाहू अकबर’ म्हणत हात खांद्यापर्यंत नेले, छातीखाली बांधले, मग रुकूसाठी कमरेत वाकण्याआधी पुन्हा वर उचलले. तेवढ्यात शर्ट वर सरकला आणि पिस्तुलाची काळी मूठ डोकावली. रुकूतून उठताना पुन्हा हात वर, पुन्हा मूठ बाहेर.

“हम हनफी तो एक ही बार उठाते हैं,” यूनुस म्हणाला. “आप कोकणी लोग बार बार.”

“आम्ही शाफई,” महबूब म्हणाला. “बापजाद्यांपासून असाच हाय. पिस्तुलासाठी नमाज थोडीच बदलायची?”

त्यानं त्या शर्टाच्या कडेला चार बोटं लावून बघितली. तेवढा लांब केला की भागणार होतं. पिस्तूल ठरलं.

शिंप्यानं दुसऱ्या दिवशी शर्ट दिला. तो घालून, पिस्तूल खोचून हमीद खोलीतून बाहेर पडला तो छाती काढूनच. “फौजदार निघाले,” असं महबूब म्हणालासुद्धा. पण हमीदला त्यात चेष्टा ऐकू आली नाही.

त्या दिवशी हमीदला एकट्यानं फरवानियाला जाऊन यायचं होतं. डब्यात सोनं नव्हतं, नुसती रंगीत तालीम होती. महबूब बरंच अंतर ठेवून मागून निघाला आणि बसमध्ये शेवटच्या बाकावर बसला. हमीदनं डाव्या हातात डबा धरला होता आणि उजवं कोपर कमरेशी चिकटवलं होतं. बसनं खड्डा घेतला की सगळे समोरची दांडी पकडत. हमीद कमर पकडायचा. नवं आहे, होईल सवय, असं महबूबनं स्वतःला समजावलं. माणसाला बोट गाठायची घाई असली की तो स्वतःला काहीही समजावतो.

असरच्या, दुपार कलतानाच्या, नमाजेला हमीद फरवानियातल्या मशिदीत शिरला. महबूब त्याच्या मागच्या ओळीत उभा राहिला. हमीदनं पहिल्यांदा हात उचलले ते बरोबर. मग ते बांधले, पण छातीखाली नाही, थेट खाली पट्ट्यावर. रुकूला जाताना हात उचलले नाहीत. उठताना उचलले नाहीत. शर्ट लांब होता, काही दिसण्याची भीती नव्हती, तरी त्याचे हात पट्टा सोडायला तयार नव्हते. चारही रकातींत, म्हणजे नमाजेच्या चारही फेऱ्यांत, तो तसाच उभा राहिला, तसाच वाकला. महबूबचं स्वतःच्या नमाजेतलं लक्ष उडालं, आणि ती त्यानं नंतर पुन्हा पढली.

बाहेर चपला शोधताना त्याला अशरफ भेटला. अशरफ त्यांच्याच बाजूचा, रत्नागिरीकडचा; फरवानियात चहाची टपरी चालवायचा आणि रात्री त्यांच्याच खोलीत झोपायचा.

“महबूबभाय, तुमचा हमीद हनफी कवा झाला?” अशरफनं हसत विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाला, “नि त्याच्या कमरेला काय हाय? सारखा चाचपतो तो.”

अशरफ काही शोधायला आला नव्हता. टपरी पोराच्या भरवशावर सोडून घाईघाईत नमाज उरकायला आलेला माणूस, त्याच्यासुद्धा नजरेला आलं. जो खरोखर शोधत असेल त्याला किती वेळ लागेल?

त्यानं हमीदला रस्त्याच्या कडेला, एका भिंतीच्या सावलीत गाठलं.

“हात का नाय उचललेस?”

“कसले हात?”

“नमाजेत.”

हमीदनं त्याच्याकडे बघितलं. “उचलले की, चाचा.”

तो खोटं बोलत नव्हता. महबूब त्याला लहानपणापासून ओळखत होता. खोटं बोलताना हा पोर जमिनीकडे बघतो. आता तो सरळ डोळ्यांत बघत होता. चूक माहीत असलेल्या माणसाला शिकवता येतं, रागावता येतं. पण नमाजेत कुठे काय करायचं हे हाडीमासी खिळलेलं असताना, ते सुटलं आणि याला पत्ताही नाही. महबूबला तिथंच, त्या भिंतीला टेकून, बसावंसं वाटलं. तो फार थकला होता, आणि आता आपण घरी जात नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

हाजी मुस्तफांना नवल वाटलं. सगळं ठरलं असताना हे काय मध्येच, असं त्यांनी विचारलं. महबूब म्हणाला की पुतण्याला आधी एकदा घरचं तोंड बघून येऊ द्या, तोवर मालाचं मी बघतो. तोवर म्हणजे किती, हा विषय दोघांनीही काढला नाही. तिकिटावरचं नाव पेढीच्या कारकुनानं बदलून आणलं.

हमीद मात्र खवळला. खोलीत पेटीवर बसला आणि एकदम म्हणाला, “माझ्यावर भरवसा नाय, असा बोला ना सरळ.”

“तुझ्यावर हाय. तुझ्या हातांवर नाय.”

“होईल सवय. तुम्हाला काय जन्मापासनं होती?”

“मना सवय झालेली नाय, म्हणून तर. माझे हात म्हातारे झालेत, नवीन काय शिकत नायत, पट्टा चाचपणंसुद्धा नाय.” महबूबनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हमीद, अहमदची मयतसुद्धा आम्हाला गावली नाय. समुद्राकडं बघून नमाज पढली आम्ही. तुझी मी इथं वाळूत पढणार नाय. अमिरुन्निसाला काय तोंड दाखवू?”

हमीदनं पिस्तूल पट्ट्यातून काढून चटईवर ठेवलं आणि त्यावर टॉवेल टाकला. मग त्यानं विचारलं, “नि असमाचा निकाह?”

महबूबनं गुडघ्यावरची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घातली.

बोटीच्या दिवशी सकाळी त्यानं अशरफला टपरी उशिरा उघडायला सांगितलं, आणि शेजारच्या खोलीतल्या एका खानसाम्याला बोलावून घेतलं. वकील, म्हणजे निकाहात आपल्या जागी बोलणारा माणूस, नेमायला दोन साक्षीदार लागतात. हमीदची ट्रंक दोरीनं बांधून तयार होती. असमाची साडी, चांदीची पैंजणं, रहिमाच्या, म्हणजे महबूबच्या बायकोच्या, नावाची औषधाची बाटली, सगळं तीत गेलं होतं. महबूबनं धुतलेला शर्ट घातला होता. त्याच्या आत कमरेला पिस्तूल होतं, कारण बंदरावरून त्याला तसंच परस्पर कामावर जायचं होतं. ते आहे हे खोलीत कुणालाही कळलं नसतं.

चौघं चटईवर बसले. महबूबनं घसा साफ केला.

“तुम्ही दोघं गवाह. माझी लेक असमा, तिचा निकाह लावून द्यायला मी माझा पुतण्या हमीद याला वकील करतो. माझ्या जागी तो देईल.”

“कबूल,” हमीद म्हणाला.

“आता तिथं काय बोलशील ते बोलून दाखव.”

“मी माझी बहीण असमा...”

“बहीण नाय. देणारा तू नायस, देणारा मी हाय. महबूबची लेक म्हण.”

हमीदनं मान खाली घातली. अशरफ दाराकडे बघत राहिला. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, पण कुणी उठलं नाही.

“महबूब यांचा वकील म्हणून,” हमीद म्हणाला, “मी त्यांची लेक असमा तुमच्या निकाहात दिली.”

महबूबनं डोळे मिटून ऐकलं. दोन्ही हात त्यानं मांडीवर मोकळे ठेवले होते.

“बरोबर हाय,” तो म्हणाला. “पुन्हा एकदा बोल. जरा मोठ्यानं. तिथं ती आत, बायकांत बसलेली असेल.”