वच्छलाबाईंचा घाणा

नांदूरघाटच्या राजनंदिनीचं काम घरबसल्याचं. पुण्याच्या एका ऑनलाईन दुकानासाठी मालाची मराठी माहिती लिहायची, कधीही, आपल्या सोयीनं. गावात तिचं लई कौतुक. पण कधीही करायचं काम सदानकदा तिच्या मानगुटीवर बसलेलं असे. भाकरी थापतानाही फोन वाजला की ती पिठाच्या बोटानं उत्तर द्यायची. डोकं इतकं शिणलं, की एकदा तिनं प्रेशर कुकरच्या माहितीत लिहिलं, ‘हलक्या हातानं धुवा, इस्त्री करू नका.’ ऑफिसातले पोट धरून हसले. तिला मात्र रडू आलं.

उन्हाळा लागला तसं सासूबाईंनी, म्हणजे छबुबाईंनी, कुरडया घालायला घेतल्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक सकाळी चुलीवर चढला. तो शिजेपर्यंत हाटत राहायचं, हात थांबला की गुठळ्या. हाटायला राजनंदिनी बसली आणि फोन वाजला. “एकच मिनिट,” म्हणत तिनं उचलला. परत बघते तर पातेल्यात नुसते गोळे!

“आत्या, माझ्यामुळं वाया गेलं सगळं.”

“वाया कशाला? दूध-गूळ आण,” छबुबाई म्हणाल्या.

शेजारच्या वच्छलाबाईंनी दोन वाट्या चीक खाल्ला आणि तोंड पुसत म्हणाल्या, “उद्या ऐतवारी माझा कुरडयांचा घाणा हाय. तवाबी हीच हाटंल.”

“काकू, माझ्यावर का म्हून भरवसा ठेवता?”

“आमचे खांदे गेले, बाई. तुझ्या दंडात जोर हाय.”

दुसऱ्याचा गहू म्हटल्यावर राजनंदिनीला धसका बसला. सकाळी तिनं फोन ज्वारीच्या डब्यात खुपसला, झाकण घट्ट लावलं आणि पदर खोचून बसली. डब्यातून गुरगुर ऐकू आली. दोनदा हात आपसूक तिकडं निघाला, दोनदा तिनं तो मागं घेतला. धुरानं डोळे चुरचुरले, घाम निथळला. तेवढ्यात वच्छलाबाईंनी आपल्या लग्नातली गंमत काढली: नवरदेव घोड्यावर उलटा बसला होता म्हणे. सगळ्या खदखदून हसल्या. हसता हसता चीक काचेसारखा चकचकीत झाला, आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर अंथरलेल्या साडीभर कुरडया उमटल्या.

मग तिनं ज्वारी झटकत फोन काढला. सव्वीस मेसेज! पहिला, ‘अर्जंट! मिक्सरची माहिती कुठाय?’ दुसरा, ‘हॅलो?’ तिसरा, ‘सापडली.’ बाकी तेवीस कुणाच्यातरी वाढदिवसाचे केक.

ती मोठ्यानं हसली.

“काय झालं गं?” छबुबाईंनी विचारलं.

“आत्या, माझ्यावाचून कुणाचं काहीच अडलं न्हाई!”

तिनं तिथूनच साहेबांना, प्रविणना, फोन लावला. “सर, उद्यापासून मी दहा ते पाच कामावर. त्यानंतर फोन बंद.”

“मॅडम, वेळ तर तुमच्याच हातात होता की,” प्रविण म्हणाले. ती जराशी ओशाळली. खरंच, बांधून कुणी घातलं होतं? मग पलीकडून दबका आवाज आला, “पण हे जमवलं कसं? मलाही सांगा ना.”

“चीक हाटायला या, सर.”

दुपारी ती गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात आडवी झाली आणि बघता बघता गाढ झोपली. कुरडयांवर कावळे येत होते. छबुबाई सुनेच्या उशाशी बसून, तोंडानं हुसकावायचं सोडून, नुसता पदर हलवून त्यांना उडवत राहिल्या.