म्हातारीची पाठ

शनिवारी सकाळी मी मुलींसाठी ओटच्या भाकऱ्यांत चीज भरत होते, तेवढ्यात नणंदेचा ग्लासगोहून फोन आला.

"तू फक्त बघ, उना," शीना म्हणाली. "परवा बाबांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला. इव्हनला काही बोललं की तो म्हणतो, बाबा ठणठणीत आहेत, आणि विषय बदलतो. तू प्रयोगशाळेतली बाई आहेस, तुला जे आहे ते दिसतं. आज दिवसभर त्यांच्याबरोबर आहेस ना?"

"आहे."

"मग संध्याकाळी सांग. त्यांचं डोकं पूर्वीसारखं राहिलं नसेल, तर त्यांची मासेमारीची बोट विकायची आणि त्यांनी माझ्याकडे यायचं. उद्या रविवार, देवाचा दिवस, उद्या व्यवहाराचं काही बोलता यायचं नाही. आज रात्री ठरवून टाकू."

मी बरं म्हटलं. इव्हन, माझा नवरा, फेरीबोटीवर कामाला गेला होता. निरीक्षण करायचं आणि कळवायचं, हे माझं रोजचंच काम आहे. फक्त रोज ते पाण्याच्या नमुन्यांचं असतं.

टॉर्किल, म्हणजे माझे सासरे, दारात येऊन उभेच होते. डोक्यावर लोकरी टोपी, पायात मासेमारीचे रबरी बूट. डोंगर ओलांडून पश्चिमेच्या पांढऱ्या वाळूवर जायचा हट्ट माझ्या थोरलीचा, इश्बेलचा. उन्हाळ्यात बाहेरगावची माणसं पोराबाळांना घेऊन तिकडे जातात, आम्हीच कधी गेलो नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंही होतं. आमच्या ब्रानसे बेटावर डोंगरात मेंढ्या जातात, मेंढ्यांमागे मेंढीवाले जातात आणि उरलेले पाहुणे. आम्ही समुद्रावरची माणसं.

"आजोबा, तुम्हाला वाट ठाऊक आहे ना?" इश्बेलनं विचारलं.

"पन्नास वर्षं त्या डोंगराकडे बघून शेवंडीचे सापळे टाकतोय मी," ते म्हणाले. "त्याच्यावरचा एकेक दगड मला नावानं ओळखतो. ठाऊक आहे ना म्हणे!"

"मी नकाशा घेतलाय, बाबा."

"घे. भाकऱ्या गुंडाळायला होईल."

पहिला तास छान गेला. जळणासाठी पीटची दलदली माती कापून झालेल्या काळ्या चरांवरून मुली उड्या मारत होत्या. धाकटी कर्स्टी दोनदा गुडघ्यापर्यंत रुतली आणि दोन्ही वेळा आजोबांनी तिला सापळा ओढावा तशी वर ओढली. "ही लहान आहे, परत समुद्रात टाकू," असं म्हणून ते तिला उलटी धरायचे आणि ती किंचाळायची. चिलटं फार होती, पण वर वारा असेल असं ते म्हणाले आणि होताही. मी मनात नोंदलं: ठीक.

पहिला चढ संपला तशी म्हातारी दिसली. कड्यापासून सुटा उभा असलेला उंच दगड, वरून किंचित वाकलेला. गावातून तो दिसत नाही. टॉर्किल त्याला पाहून थांबले.

"ही म्हातारी," ते म्हणाले. "हिला डाव्या हाताला ठेवायचं. मग खिंड आपोआप समोर येते."

मी नकाशा काढला. माझ्या मते खिंड दगडाच्या डावीकडून होती, म्हणजे म्हातारी उजव्या हाताला राहायला हवी होती. पण ते इतक्या ठामपणे चालू लागले की मी गप्प राहिले. आज मला बघायचं होतं, सांगायचं नव्हतं. आणि मीही ही वाट कधी चालले नव्हते.

आम्ही उजवीकडून गेलो. वाट अरुंद झाली, मग मेंढ्यांची झाली, मग नाहीशीच झाली. समोर खिंड आली नाही. एक तळं आलं आणि त्याच्या तिन्ही बाजूंना काळे कडे.

"हे तळं इथे नको," टॉर्किल म्हणाले.

"मग कुठे पाहिजे?" कर्स्टीनं विचारलं.

"कुठेच नको."

मुली हसल्या. ते हसले नाहीत. मागे वळून त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात वरून धुकं उतरलं. आधी कडे गेले, मग म्हातारी, मग तळ्याचा पलीकडचा काठ. मी मुलींचे हात धरले.

आता बघत राहण्याची वेळ संपली होती. मी होकायंत्र काढलं. सुई एकीकडे स्थिरावली. चार पावलं पुढे जाऊन पाहिलं तर दुसरीकडेच. आमच्या बेटाच्या काळ्या दगडात लोह आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण किती, आणि नेमकं कुठे, हे ठाऊक नव्हतं. म्हणजे सुई चुकत होती एवढंच कळलं. कोणत्या जागी चुकत होती आणि कोणत्या जागी बरोबर होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" टॉर्किलनी विचारलं.

"काही ठरत नाही, बाबा."

"म्हणजे माझ्यासारखंच."

आम्ही काठाकाठानं निघालो. बऱ्याच वेळानं एक तळं लागलं. ते तेच होतं की दुसरं, यावरून मुलींचं भांडण झालं.

"तेच आहे. इथेच कर्स्टीनं भाकरीचा तुकडा टाकला होता."

"मग कुठाय तुकडा?"

"मेंढीनं खाल्ला."

"कुठाय मेंढी?"

मला वाटत होतं दुसरं आहे, पण पैज लावली नसती. टॉर्किल एका दगडावर बसले होते. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली होती.

"ती हलली, उना," ते हळू आवाजात म्हणाले. मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "म्हातारी. तिची जागा बदलली आहे. अशी नव्हती ती."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. थट्टा करताना त्यांची डावी भुवई वर जाते. ती खाली होती. शीनाला काय सांगायचं ते आता ठरलंच, असं मला वाटलं.

तळ्यातून एक ओहोळ निघत होता. पाणी कुठेतरी खालीच जाणार, एवढं एक मला नक्की ठाऊक होतं. त्याच्या कडेनं आम्ही उतरलो. मुली बसून घसरत आल्या. गावाच्या बाजूला उतरतोय की पलीकडे, हे मी सांगू शकले नसते. खूप खाली आल्यावर धुकं डोक्यावर राहिलं, आणि समोर गोल दगडांचा किनारा आणि करडा समुद्र. पांढरी वाळू नव्हती. कोणता किनारा, कोणती बाजू, मला काही उमगेना.

टॉर्किल थेट पाण्याकडे गेले. भरतीच्या खडकावर, बुटांवरून पाणी जाईल इतके पुढे. मग वळले आणि समुद्राकडे पाठ करून त्यांनी डोंगराकडे पाहिलं. वर धुक्याला एक भोक पडलं होतं आणि त्यात म्हातारी उभी होती.

"अरे!" ते ओरडले. "हे बघा तिचं तोंड! मघापासून आपण तिची पाठ बघत होतो."

मग ते बोलतच सुटले. तो घोड्याच्या मानेसारखा कडा, त्याच्या खाली दोन वाव पाणी. ते भगदाड आणि म्हातारीचा खांदा एका रेषेत आले की पाण्याखाली खडक, तिथे सापळे टाकायचे नाहीत. खिंड इथून म्हातारीच्या उजवीकडे, म्हणजे वाळू दक्षिणेला, त्या टोकापलीकडे. नकाशावर मी एकेक गोष्ट पडताळली. सगळं बरोबर होतं.

वाळू टोकापलीकडेच होती. तिथे आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, मुलींनी बूट काढून लाटांना लाथा मारल्या, आणि परतताना टॉर्किलनी म्हातारीला डाव्या हाताला ठेवून धुक्यातून आम्हाला सरळ खिंडीत नेलं. एकदाही अडखळले नाहीत. मी मघाशी ठरवलेलं सगळं पुसलं. त्यांनी हा डोंगर कायम होडीतूनच पाहिला होता. डावं-उजवं उलटं झालं, एवढंच.

मग आम्ही रस्त्यावर उतरलो. तिथून घर उजवीकडे. टॉर्किल डावीकडे वळले आणि झपाझप जुन्या धक्क्याच्या दिशेनं चालू लागले. नवा धक्का झाल्यापासून तिथे कोणी बोट लावत नाही. ते स्वतःही नाही.

"आजोबा, घर इकडे!" इश्बेल ओरडली.

ते थांबले. जरा जास्तच वेळ थांबले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुमच्यात किती दम उरलाय ते बघत होतो."

मी त्यांच्या भुवईकडे पाहायला गेले, पण तोवर त्यांनी टोपी खाली ओढली होती.

संध्याकाळी मी टॉर्किलच्याच स्वयंपाकघरात होते, तेव्हा शीनाचा फोन आला. मुली शेगडीपाशी झोपल्या होत्या. टॉर्किल नळाखाली किटली भरत होते.

"मग?" ती म्हणाली. "वाट चुकले का?"

"चुकले. मीही चुकले."

"तुझं सोड. त्यांचं सांग."

मी सगळं क्रमानं सांगितलं. तळं, धुकं, खडकावरून दिसलेलं तोंड, जुना धक्का.

"उना, यातून मी काय समजायचं? हो की नाही?"

"मला ठाऊक नाही. ज्या जागी ते कधी गेलेच नव्हते, तिथे मी त्यांची परीक्षा घेतली. त्यावरून उत्तर देता येत नाही. बोटीचं ठरवायचं तर त्यांना बोटीवर बघायला हवं. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जाते, मग सांगते. तोवर विकायचं नाव काढू नका."

"आणि मुली?"

"मुलींना घेऊन एकटे डोंगरावर जाणार नाहीत. ते मी त्यांना सांगेन."

फोन ठेवला तेव्हा किटलीचं पाणी वाहून जात होतं. त्यांनी नळ बंद केला. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवायचा मीही प्रयत्न केला नाही.

"सोमवारी नको," ते म्हणाले. "सोमवारी वायव्येचा वारा असेल. मंगळवारी चल."

वायव्येचा वारा खरंच येणार होता की ते मला टाळत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं.

"मंगळवारी मला कामावर जायचंय, बाबा."

"मग रजा काढ." त्यांनी किटली शेगडीवर ठेवली. "बघायचंच आहे तर नीट बघ. पहाटे निघू. आणि ते यंत्र घरी ठेव, दोघं गोंधळलेले पुरे."