बसायची गाडी

आमची भोपळी त्या दिवशी दुपारी भंगारात जाणार होती आणि घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाहीये, असं सगळे दाखवत होते. आई कपाट आवरत होती, जे तिने कालच आवरलं होतं. ताई जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा किल्ला करून बसली होती, पण तिचं पान मघापासून उलटलं नव्हतं. बाबा रजा काढून खिडकीत उभे. "आला का ट्रक? नाही ना? येईल, येईल," असं स्वतःचीच समजूत घातल्यासारखं पुटपुटत होते.

भोपळी म्हणजे आमची गाडी. रंग पिकल्या भोपळ्याचा, आकारही साधारण तोच. गेल्या आठवड्यात तिने सुरू व्हायला साफ नकार दिला. बाबांनी ताबडतोब फोन लावला तो सर्वज्ञांना. सर्वज्ञ म्हणजे बाबांच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ. गुडघेदुखीपासून ग्रहणापर्यंत त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. बाबांनी फोन बोनेटवर ठेवला, चावी फिरवली, आणि तिकडून निकाल आला, "इंजिन गेलं. उगाच पैसे घालू नका. काढून टाका."

फोनवरून! खोकला ऐकून माणूस गेल्याचं सांगण्यासारखंच झालं हे!

आता तुम्ही म्हणाल, जुनी गाडी गेली तर गेली, त्यात एवढं काय? तर आमचं घर दोन खोल्यांचं. ताईने डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं आणि घरात मोठ्याने बोलायला बंदी आली. कुकरने शिट्टी दिली तरी ती त्याच्याकडे अशी बघते, की तो ओशाळून गप्प बसावा. म्हणून रोज जेवणं झाली की आम्ही तिघं खाली जातो आणि भोपळीत बसतो. जायचं कुठेच नाही. नुसतं बसायचं. बाबा चालकाच्या जागेवर, आई शेजारी, मी मागे आडवी. चावी अर्धी फिरवायची, रेडिओ लावायचा, पंखा लावायचा, आतला दिवा लावायचा. घरात 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलणारे बाबा तिथे त्यांच्या साहेबांची हुबेहूब नक्कल करतात. आई रेडिओच्या वरताण आवाजात गाते. मग हसून हसून गाडी हलायला लागते. तर दुपारी नुसती गाडी जाणार नव्हती. आमचा हॉल जाणार होता. हसणारे बाबा जाणार होते.

पण मी यंदाच्या सुट्टीत मावशीच्या गॅरेजात होते! मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. कोपरापर्यंत ऑइल, कानात मोठे डूल आणि हातात पाना. पहिला आठवडा तिने मला फक्त नट निवडायला बसवलं, तांदूळ निवडावेत तसं. नंतर मात्र हळूहळू बोनेटखाली डोकं घालू दिलं. पूर्वी मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. आता रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून मी "च्च, बेल्ट सैल आहे" म्हणते. आणि तो असतो!

"बाबा, ट्रक येईपर्यंत चावी माझ्याकडे द्या."

"कशाला?"

"तपासते."

"अगं, सर्वज्ञांनी सांगितलंय ना—"

"सर्वज्ञांनी बोनेट उघडून बघितलं का?"

बाबा खिशातली चावी चाचपायला लागले. कपाटातून आईचा आवाज आला, "द्या हो तिला. मेलेल्या गाडीला आणखी काय मारणारे ती?"

चावी हातात पडताच मी जिन्यावरून अक्षरशः उडत गेले. मागून बाबा, एका पायात माझी चप्पल घालून.

चावी फिरवली. टकटकटकटक! आणि समोरचे दिवे मलूल झाले. इथे जरा लक्ष द्या, ही वेळ तुमच्यावरही येणार आहे. टकटकटक असं भराभर वाजलं आणि दिवे मंदावले, तर पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा. दिवे लख्ख आणि 'टक्' असा एकच आवाज, तर बहुधा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. इंजिन घरघर फिरतंय पण पेट घेत नाही, तर पेट्रोल पोचत नसेल किंवा ठिणगी पडत नसेल. भोपळी टकटकत होती. म्हणजे इंजिनाविरुद्ध काडीचाही पुरावा नव्हता!

बोनेट उघडलं तर बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे जिथे वायरी जोडतात त्या टोकांवर, पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचलेली. मी मावशीला फोन लावला.

"मावशे, टर्मिनलला बुरा आलाय. आणि बॅटरी उतरलीये."

"साफ कर. गाडी रोज किती चालवता?"

"हल्ली चालवतच नाही. बाबा बसने जातात ना. आम्ही तिच्यात बसतो."

"बसता म्हणजे?"

"बसतो म्हणजे बसतो. रेडिओ, पंखा, दिवा लावून."

"इंजिन बंद ठेवून?"

"मग! पेट्रोल कशाला जाळायचं?"

पलीकडे काहीतरी जड खाली पडलं आणि मावशी इतकी हसली, की फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं बयांनो! गाडी पळते तेव्हा बॅटरी भरते. तुम्ही टाकीत पाणी न सोडता रोज नुसता नळ चालू ठेवलाय! दे तुझ्या बापाला फोन."

बाबांनी फोन घेतला. "हं," म्हणाले. मग "बरं." मग पुन्हा "हं." पण कान लाल झाले होते.

मग मी कामाला लागले. पान्याने आधी काळी वायर सोडवायची, मग लाल. जोडताना उलट, आधी लाल. क्रम चुकला आणि पाना कुठे लोखंडाला टेकला तर ठिणग्या उडतात. हातात मोजे. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर थोडा थोडा टाकला, तो फसफसला, आणि मी ब्रशने खसाखसा घासलं.

"हा ब्रश कुठला?" बाबांनी विचारलं.

"जुना होता तो. बाथरूममधला."

"निळा?"

"निळा."

"तो माझा आहे. आज सकाळपर्यंत मी वापरत होतो."

"दिसायला तर निवृत्त झालेला वाटत होता, बाबा."

टर्मिनल चकाचक झाले, पुसून कोरडे केले, वायरी घट्ट आवळल्या. चावी फिरवली. टक... टक... टक. आधीपेक्षाही रडका आवाज. विजेची वाट साफ झाली होती, पण बॅटरीत प्राणच नव्हता. दुसऱ्या चालू गाडीतून तो उसना घ्यावा लागणार होता. मी आजूबाजूला पाहिलं. कामाचा दिवस, सगळ्या गाड्या बाहेर. उरली होती फक्त एक तीनचाकी सायकल.

आणि तेवढ्यात फाटकातून आत आला तो भंगारवाल्यांचा छोटा ट्रक.

भंगारवाले काका खाली उतरले. पोट आधी, मग काका. ट्रकची मागची फळी त्यांनी धाडकन खाली सोडली, बरोबर भोपळीच्या तोंडासमोर. जिभेसारखी.

"हीच ना? चला, बांधू दोरी."

"काका, तुमच्याकडे जम्पर केबल आहे?" मी विचारलं.

"आहे की. का गं?"

"तुमच्या बॅटरीवर आमची गाडी सुरू करून द्या ना."

काका माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी न्यायला आलोय आणि मीच तिला उठवून बसवू?"

"ती आपली आपण फळीवर चढली तर तुमचीच दोरी ओढायची मेहनत वाचेल."

काकांनी पोटावरून हात फिरवला. "पोरीचं बोलणं पटण्यासारखं आहे हो, साहेब."

साहेब, म्हणजे बाबा, खाली बघून टाचेने माती उकरत होते.

काकांनी ट्रक वळवून भोपळीच्या नाकाशी आणला, तेव्हा कुठे ती जीभ दुसरीकडे गेली. केबल मीच लावल्या. लाल केबलचं एक टोक आमच्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं त्यांच्या अधिकला, काळीचं एक टोक त्यांच्या उण्याला. आणि काळीचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला नाही, लांब इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून दूर उडते. काका भुवया उंचावून बघत होते. ट्रक चालू ठेवून थोडा वेळ थांबलो. तो थोडा वेळ काही केल्या संपेना.

"बाबा, तुम्ही फिरवा चावी."

"मी? नको, तूच."

"तुमची जागा आहे ती."

बाबा बसले. चावी फिरवली. घर्र... घर्र... घर्रर्र... धडधडधड! आणि त्याच क्षणी रेडिओ, जो आम्ही शेवटच्या दिवशी पूर्ण आवाजात सोडला होता, गाण्याच्या ऐन मध्यावर फुटला. मी ओरडले. काका ओरडले. वरून खिडकीतून ताई ओरडली, "ए, आवाज!" आणि मग एकदम, "अय्या, चालू झाली?"

आई हातात कपाट पुसायचं फडकं घेऊन धावत खाली आली, कुणाशी काही न बोलता दार उघडून आपल्या जागेवर बसली आणि गायला लागली.

मी केबल काढल्या, उलट्या क्रमाने, आणि गुंडाळून काकांना दिल्या. काकांनी ट्रक पुन्हा फिरवून फळी भोपळीसमोर आणली. सगळे बाबांकडे बघायला लागले. फाटकाकडे जायची वाट फळीच्या पलीकडे होती.

"आता इंजिन बंद करायचं नाही, बाबा," मी मागच्या सीटवर चढत म्हणाले. "बॅटरी भरायला चांगली लांब चक्कर मारावी लागेल. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी."

"मी या भाऊंना शब्द दिलाय," बाबा म्हणाले.

"शब्द बंद गाडीचा दिला होतात," आई गाणं न थांबवता त्याच चालीत म्हणाली.

बाबांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ऑफिसातल्या साहेबांच्या हुबेहूब आवाजात, उघड्यावर, सगळ्या गल्लीदेखत म्हणाले, "मिस्टर, ती फळी आपण उचलाल का? आम्हाला मीटिंगला उशीर होतोय!"

काका इतके हसले की त्यांचं पोट फळी उचलायच्या आड येऊ लागलं. "पुन्हा बोलवू नका हं साहेब, मला तरी कळेना मी घ्यायला येतो की द्यायला!"

ताई जाडजूड पुस्तक छातीशी धरून अनवाणी धावत आली. "सरक. मी गाडीत वाचेन." वाचणार होती म्हणे! पहिल्या वळणावरच ती आईच्या वरच्या पट्टीत गात होती.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि बाबांचा फोन वाजला. सर्वज्ञ. आईने उचलला.

"नेली का गाडी?" त्यांचा आवाज आम्हाला मागेसुद्धा ऐकू आला. "काय म्हणाला भंगारवाला?"

आईने रेडिओ बंद केला, खिडकीची काच खाली केली आणि फोन बाहेर, बोनेटच्या दिशेने धरला.

"ऐका," ती म्हणाली, "आणि निदान सांगा."