शेवाळी पलटण

गाड्यांच्या रंगकामाच्या गॅरेजात तिला सगळे रंगवाली म्हणत. ठोकलेली गाडी आली की मालक कितीही अक्कल पाजळो, दाराचा रंग बॉनेटच्या रंगाशी जुळला की नाही हे शेवटी तीच ठरवायची. तिने एकदा नाही म्हटलं की रंग पुन्हा घोटायला घ्यावा लागे. तोंडाने फटकळ, नजरेने पक्की. आणि नशिबाची थट्टा बघा, अशा बाईच्या सख्ख्या धाकट्या भावाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नव्हता.

धाकट्याला वेड लढायांचं. बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई, घोडेस्वार, तोफा. टेबलावर टेकड्या मांडायच्या, नदी काढायची, फुटपट्टीने मोजून फौज पुढे सरकवायची आणि कोण पडलं ते फासे टाकून ठरवायचं. लढाया सगळ्या जुन्या, कधीकाळी खरंच झालेल्या. असे खेळणाऱ्यांचा एक क्लब होता आणि तो रविवारी एका फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. दुकान ज्याचं, मजला त्याचा, म्हणून अध्यक्षही तोच. त्याला सगळे जनरल म्हणत. सुरुवातीला थट्टेने म्हणाले असतील, पण गड्याने ते मनावर घेतलं होतं.

गॅरेजात उरलेले रंग ती बाटल्यांत भरून धाकट्याला द्यायची. त्यातून त्याने आपला आपण लाल रंग घोटला आणि लाल डगल्यांची फौज रंगवायला घेतली. निम्मी झाल्यावर मोठ्या कौतुकाने तिला दाखवायला आणली.

"माठ्या, हे हिरवे आहेत," ती म्हणाली. "हिरवे तरी कुठले! पाण्याच्या टाकीतलं शेवाळ आहे हे."

धाकटा हसायला लागला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती म्हणाली, "दे इकडे, मी काढून देते सगळं." त्याने डबा पोटाशी धरला. "हात लावून बघ फक्त. आता गणवेश ठरला यांचा. शेवाळी पलटण!" मग तिनेच त्या बाटलीच्या झाकणावर ओळखीसाठी चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे उरलेली फौजही त्याच रंगात निघेल. वरून मारायला गाडीचा पारदर्शक लॅकर दिला. त्यावर ऊन, पाणी, स्पिरिट काही चालत नाही.

क्लबात एक रीत होती. मांडामांड झाली की दोघा खेळाडूंनी उभं राहून आपापल्या फौजेचं नाव मोठ्याने सांगायचं आणि समोरच्याने 'मान्य' म्हणायचं. त्याशिवाय फासा पडत नसे. छोट्या टेबलांवर धाकटा आपलं नाव दणक्यात सांगायचा. पण वर्षातून एकदा मोठं टेबल मांडलं जाई, बाहेरचे लोक बघायला येत, आणि तिथे जनरल त्याला उतरू देत नसे. "लोक हसतील रे. इतिहासाची चेष्टा होते." धाकटा दरवर्षी विचारायचा, दरवर्षी नकार घ्यायचा आणि त्या दिवशी दाराशी उभा राहून पाहुण्यांना पाण्याचे ग्लास द्यायचा. घरी येऊन म्हणायचा, "ताई, पुढच्या वर्षी बघ तू." यंदा तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

काही महिन्यांनी जनरलचा फोन आला. "यंदा मोठ्या टेबलावर तुमच्या भावाची फौज. त्याच्या आठवणीसाठी. खेळायला तुम्हीच या." धाकट्याने घरातल्या जेवणाच्या टेबलावर तिला खेळ शिकवला होता. फोन ठेवून ती गॅरेजाच्या मोरीत जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी पलटणीचा डबा आपल्या हाताने जनरलला देऊन आली. माणूस आपल्याला वाटला तेवढा वाईट नाही, असंही तिला वाटून गेलं.

त्या रविवारी ती इस्त्रीचा सदरा घालून जिना चढली. वर सगळा क्लब भिंतीला लागून उभा होता. मोठ्या टेबलावर एका बाजूला जनरलची निळी फौज होती आणि दुसऱ्या बाजूला लाल फौज. लालभडक, चकचकीत. पुढे पितळी पाटीवर धाकट्याचं नाव.

"आमची शेवाळी कुठे आहे?" तिने विचारलं.

"हीच की!" जनरलचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्हाला चकित करायचं ठरवलं होतं आम्ही. दुकानातलं पॉलिश काढायचं द्रावण वापरलं, पार धातूपर्यंत साफ केले आणि नव्याने रंगवले. अगदी इतिहासात होता तसा लाल. बिचाऱ्याला दिसत नव्हतं ना! राहून गेलेलं काम आपण पुरं केलं."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या कुणी उचलून धरल्या नाहीत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा राग तिला धाकट्याच्या मरणावरही आला नव्हता; मरणावर रागावून करता काय? हा माणूस मात्र समोर उभा होता, घडीची पँट घालून, शाबासकीची वाट बघत.

"कुणाला विचारून?"

"अहो, चांगल्यासाठीच..."

"कुणाला विचारून केलंत, ते सांगा. तो जिवंत होता तेव्हा त्याला दाराशी पाणी द्यायला उभा केलात. मेला तेव्हा त्याचं नाव पितळेवर कोरलंत आणि त्याचं काम घासून गटारात सोडलंत. त्याला दिसत नव्हतं? तुमच्यापेक्षा शंभर पट दिसत होतं त्याला! हिरवं आहे हे मी सांगितलं होतं त्याला. ठाऊक असून ठेवला होता त्याने तो रंग."

"बाई, जरा आवाज..." जनरलने दाराकडे पाहिलं. पाहुणे जिना चढत होते.

"आवाज असाच राहील."

तिने एक शिपाई उचलून उजेडात धरला. डगल्याच्या घड्या धारदार होत्या, म्हणजे रंगाचा थर एकच. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तसेच. धाकट्याच्या ब्रशचा एक फराटाही शिल्लक नव्हता. तिन्ही शिपाई तिने रांगेत होते तिथे परत ठेवले.

मग तिने एक घोडेस्वार उचलला आणि ती थांबली. याच्या घड्या बुजलेल्या होत्या, बटणं रंगात बुडालेली. थरावर थर चढला की गाडीच्या दाराची कड अशीच जाड दिसते.

"घोडदळ कुणी रंगवलं?"

खिडकीपाशी उभे असलेले औषधवाले पुढे आले. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि इतकी वर्षं छोट्या टेबलावर धाकट्याच्या समोर बसायचे ते हेच.

"मी," ते म्हणाले. "मला द्रावणात टाकायला दिले होते. हात धजला नाही माझा. तसाच वरून लाल मारला. पाण्यात कालवायचा साधा रंग आहे."

"मला तर साफ केले म्हणून सांगितलंत!" जनरल उखडला.

"खोटं सांगितलं."

"आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा मला एक फोन करता आला नाही तुम्हाला?" रंगवालीने विचारलं. औषधवाल्यांवरचा तिचा रागही काही कमी झाला नाही, पण त्याला आत्ता वेळ नव्हता. "दुकानातून स्पिरिट आणा. आणि कापूस."

ते खरंच धावत गेले. तोवर पाहुणे आत येऊन टेबलाभोवती उभे राहिले होते. जनरल हसून हसून सारवासारव करत होता, जरा तांत्रिक अडचण आहे म्हणत होता. स्पिरिट आलं. तिने कापसाचा बोळा भिजवून स्वाराच्या पाठीवर फिरवला. बोळा लाल झाला. पुन्हा फिरवला. लॅकरखालून, जसाच्या तसा, तो वेडा शेवाळी रंग वर आला. खांद्यावर धाकट्याचा ब्रश घसरला होता तो ओघळसुद्धा.

तिचे डोळे भरले. तिने ते बाहीने पुसले आणि दुसरा घोडेस्वार घेतला. औषधवाल्यांनी न विचारता एक बोळा उचलला आणि शेजारी बसून पुसायला लागले. ती त्यांना नको म्हणाली नाही.

सगळे स्वार पुसून झाल्यावर तिने लाल पायदळ आणि तोफा टेबलावरून उचलून जनरलच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे तुमचं काम आहे, तुम्हीच ठेवा. हे माझ्या भावाचे नाहीत." मग पितळी पाटी उचलून तिने घोडदळापुढे लावली.

"अहो, नुसत्या घोडदळावर लढाई कशी होणार?" जनरल दबक्या आवाजात म्हणाला. "माझी अख्खी फौज उभी आहे. दोन डावांत उडेल तुमचं."

"उडू दे."

"लोक हसतील."

"हसू देत की. त्याला हसलेले चालायचे. तुम्हालाच लाज वाटायची त्याची."

ती टेबलाच्या कडेशी उभी राहिली. समोर निळ्या फौजेच्या रांगांमागे रांगा होत्या आणि तिच्या बाजूला मूठभर शेवाळी स्वार, अजून स्पिरिटने ओले. तिने गॅरेजात कॉम्प्रेसरच्या वर आवाज काढायची सवय असलेल्या गळ्याने नाव सांगितलं.

"शेवाळी पलटण!"

पाहुण्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. जनरल फुटपट्टीशी चाळा करत राहिला.

"मान्य," औषधवाले म्हणाले.

"तुम्ही नाही," ती जनरलवरची नजर न काढता म्हणाली. "समोरचा म्हणतो."

भिंतीला लागून उभे असलेले सगळे आता जनरलकडे बघत होते, आणि पाहुणेही. फासे तिच्या मुठीत घामेजले. घाई नव्हती तिला. धाकटा इतकी वर्षं थांबला होता.

"मान्य," जनरल पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा."