भूमीची ओढ

निधीला गुरुत्वाकर्षण मी शिकवलं. ती सहा वर्षांची आहे, तिचा भाऊ यश चार.

मी पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. या दोघांची आई, माझी धाकटी बहीण ऊर्मी, आजारी होती, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे चेन्नईला आले होते. दुपारी अण्णा नगरमध्ये घराबाहेर पाऊल टाकवत नाही. ऊर्मीचा नवरा मधुसूदन कामावर असायचा, मुलं कंटाळायची, आणि ती पलंगावरून त्यांच्याकडे बघत राहायची. एका दुपारी मी चेंडू, चमचा, उशी, जे हाताला लागलं ते खाली टाकून दाखवलं.

"सगळं खालीच का जातं?"

"तू सोडतेस म्हणून," यश म्हणाला.

"मग वर का नाही जात?" मी विचारलं.

"वर पंखा आहे ना!"

ऊर्मी हसली. हसल्यामुळे तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो.

पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते, असं मी सांगितलं.

"पृथ्वी म्हणजे भूमी?" निधीने विचारलं. तिच्या तमिळ मैत्रिणी पृथ्वीला भूमीच म्हणतात.

"हो, भूमी." मी वजनकाटा ओढून आणला. "इथे जो आकडा दिसतो, त्यावरून कळतं, भूमी आपल्याला किती जोरात ओढते."

यश पंधरा भरला, निधी एकोणीस, मी चौसष्ट.

"मावशी भूमीची फेव्हरेट!" निधी ओरडली. "आई, आता तू."

"माझं हॉस्पिटलमध्ये होतं गं. मागच्या वेळी सदतीस. त्याच्या आधी एकोणचाळीस."

निधी बोटं मोजायला लागली. मला वाटलं, वजाबाकी करतेय.

वजन छत्तीसच्या खाली गेलं तर पुढची केमो शरीराला झेपणार नाही, थांबवावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलांना कळू नये म्हणून आम्ही हे घरात इंग्रजीत बोलायचो. ती दोघं आमच्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलतात, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बुधवारी ऊर्मीला हॉस्पिटलला न्यायचं होतं, पण मधुसूदनला रजा मिळाली नाही. यशला शेजारी ठेवलं. निधी मात्र हटून बसली, म्हणून तिला बरोबर घेतलं. वजनाच्या खोलीपाशी ऊर्मी खुर्चीतून उठली, तेव्हा तिच्या नायटीचे दोन्ही खिसे खाली लोंबलेले मला दिसले. एका खिशातून पांढरा गोटा डोकावत होता. त्यांच्या इमारतीखालच्या कुंड्यांमध्ये असे गोटे पसरलेले असतात.

मी ऊर्मीकडे पाहिलं.

"राहू दे, ताई," ती हळूच म्हणाली. "सकाळी तिने भरलेत. म्हणाली, आई, आज आपण भूमीला फसवू."

निधी भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखी पाठ करून उभी होती.

वर्गात मुलं प्रयोगवहीत बनावट आकडे लिहितात. बावीस वर्षं मी ते खोडत आले आहे. त्या दिवशी मी डोकावणारा गोटा खिशात आत ढकलला.

श्रीलक्ष्मी सिस्टरने ऊर्मीला धरून काट्यावर उभं केलं. आकडे थोडे हलले आणि थांबले. चौतीस पूर्णांक नऊ दशांश.

गोट्यांसकट.

डॉक्टरांनी कागद पाहिला, परत पाहिला. "केमो आता नको, अम्मा," ते ऊर्मीला म्हणाले. "दुखणं कमी राहील एवढं बघू." मग त्यांनी वजनावरून वेदनेच्या औषधाची मात्रा काढायला घेतली. वजनाच्या रकान्यात त्यांनी ३४.९ लिहिलं.

"डॉक्टर, तो आकडा चुकीचा आहे," मी म्हणाले.

निधीने झटकन माझ्याकडे पाहिलं. ऊर्मीने एकेक गोटा काढून टेबलावर ठेवला. अकरा निघाले. सिस्टरने पुन्हा वजन केलं. तेहतीस पूर्णांक सहा दशांश.

घरी जाताना रिक्षात ऊर्मी आमच्या दोघींच्या मध्ये बसली, डोळे मिटून.

"मावशी, मी कमी टाकले का?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही."

"मग भूमी आईला का सोडतेय?"

"भूमी सोडत नाही, निधी. ती सगळ्यांना सारख्याच नियमाने ओढते. तुला, मला, आईला." पुढचं वाक्य मला टाळता आलं असतं. "आईच कमी होत चाललीय."

तिने विचार केला. बाहेर सिग्नलला बस थांबली होती, तिचं इंजिन धडधडत होतं.

"मग शून्य कधी होणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ऊर्मीने डोळे न उघडता हात वर उचलला, चाचपत माझ्या चेहऱ्यापर्यंत आणला आणि माझ्या ओठांवर ठेवला.