घड्याळं टांगायचा खिळा

अवधपुरीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये केतकीचा आवाज बारीक होत चालला, तसा पहिल्या रांगेत नीळकंठरावांचा जीव खालीवर होऊ लागला. लेकीचं पहिलं मराठी व्याख्यान. जनित्रांच्या कारखान्यातले जुने सोबती त्यांनीच घरोघर फिरून गोळा केलेले, आणि तेच आता जांभया देत होते. पडद्यावर आलेखामागून आलेख. मॅग्नेटार म्हणे, सूर्याहून जड, पण शहराएवढाच तारा, आणि चुंबकत्व पृथ्वीच्या कित्येक लाख कोटी पट.

"अपने को कुछ पल्ले नाही पडत, यार," मागून सदाशिव कुजबुजला.

केतकीनं पाण्याचा पेला उचलला. नीळकंठराव उठून उभे राहिले.

"मॅडम, एक शंका. त्या ताऱ्याजवळ जायचं, तर घड्याळ कुठं टांगायचं?"

केतकी गोंधळली. "बाबा?"

सदाशिव मात्र ताठ झाला. "अगं पोरी, जनित्राच्या टेस्टिंगला जाताना दारातल्या फळीवर, आपल्या नावाच्या खिळ्याला घड्याळ टांगायचं. नाहीतर चुंबकानं बिघडायचं. मी एकदा विसरलो. सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ, असं पळत सुटलं..."

"की हा महिनाभर अर्धा तास आधी डबा उघडायचा!" नीळकंठराव म्हणाले. "तोही माझा!"

हॉल खदखदला. नीळकंठरावांना ती फळी दिसली: ओळीनं टिकटिकणारी घड्याळं, तेलाचा वास, बायकोनं, कमलिनीनं, फडक्यात बांधलेला गरम डबा. कमलिनी गेली. त्या खिळ्यांची निम्मी माणसंही गेली.

"काका," केतकीचा आवाज मोकळा झाला, "हा तारा चंद्राच्या निम्म्या वाटेवर आला, तरी तुमच्या एटीएम कार्डावरची चुंबकी पट्टी पुसून टाकेल. आणि चुंबकाच्या ताणानं त्याचं कवच तडकतं. दोन हजार चारच्या डिसेंबरात असाच एक स्फोट आपल्याला दिसला. सूर्य दोन लाख वर्षांत देईल तेवढं तेज, पापणी लवेपर्यंत."

"दोन हजार चार? तेव्हा आपण ड्यूटीवर होतो की रे!" सदाशिव नीळकंठरावांना म्हणाला.

केतकीनं लॅपटॉप मिटला, खुर्ची ओढत खाली त्यांच्यात येऊन बसली. "काका, ताण वाढला की जनित्राचा फिरता रोटर तडकण्याआधी कसा आवाज करतो?"

सदाशिवनं डोळे मिटले. बंद ओठांतून खोल घुमारा काढला. मागचे चारपाच म्हातारे एकेक करत त्यात मिसळले.